एचआयव्हीपासून बचाव: तिला किती खर्च येईल?

गर्द किंवा दारूच्या विळख्यातल्या बाईशी एचआयव्हीचा विषय काढला की ती बहुधा आधी पैशांचं विचारते. तिला आधी हे सांगा, की बहुतेक सोयी फुकट आहेत.

तपासणीला पैसे लागत नाहीत. सिव्हिलमध्ये ‘आयसीटीसी’ची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीची खोली विचारावी. तिथे समुपदेशक आधी एकटीशी बोलतात, मग रक्त घेतात. रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. २०१७च्या कायद्याप्रमाणे तिच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा सासूची सही चालत नाही.

टोचून नशा करणाऱ्या बाईला पुष्कळदा नवरा किंवा मित्रच सुई देतो. आधी स्वतःला टोचतो, मग त्याच सुईने तिला. म्हणून तिची सुई वेगळी हवी. चमचा, कापूस आणि पाणीसुद्धा. नशा टोचून घेणाऱ्यांसाठी सरकारी मदतीने चालणाऱ्या प्रकल्पांत नव्या सुया आणि निरोध फुकट मिळतात. गर्द सोडवायला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दाऐवजी औषध देणाऱ्या केंद्रात, फुकट मिळते. ती जिभेखाली ठेवायची असते. सुरुवातीला रोज जावं लागतं, त्यामुळे खरा खर्च बसभाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. दारूसाठी ही गोळी नाही.

खिशाला चाट बसते ती ‘प्रेप’ची, म्हणजे लागण होण्याआधीपासून घ्यायच्या गोळीची. खासगी दुकानात महिन्याला साधारण दीड ते अडीच हजार रुपये. कंपनीप्रमाणे भाव बदलतो. आधी एचआयव्ही, कावीळ-बी आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते; ती सरकारी रुग्णालयातच करून घ्यावी. बायकांनी ही गोळी रोज घ्यायची असते, गरजेपुरती घेऊन चालत नाही. नवरा निरोध वापरत नसेल, तर तिच्या हातात राहणारा हा एक उपाय आहे. म्हणून पैशांची ओढाताण असली तरी ‘तुला परवडणार नाही’ असं आपणच ठरवून हा पर्याय तिच्यापासून लपवू नये.

बळजबरी झाली असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावं. जितक्या लवकर तितकं बरं. लागण टाळण्यासाठीची २८ दिवसांची औषधं तिथे मोफत मिळतात. पोलीस तक्रारीसाठी थांबू नये.

जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं.

घरच्यांनी बसभाडं द्यावं, तेवढा वेळ मूल सांभाळावं आणि समुपदेशकाच्या खोलीबाहेर थांबावं.