पाणी दिसते त्याहून खोल

मलेशियाचा नकाशा उघडा आणि 'तामान नेगारा' शोधा. मलय भाषेत या नावाचा अर्थच 'राष्ट्रीय उद्यान' असा आहे. पहांग, केलांतान व तेरेंगानू या तीन राज्यांत मिळून सुमारे ४,३४३ चौरस किलोमीटरवर हे अरण्य पसरले आहे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने हिमयुगांतही या वनावर बर्फाचे थर पसरले नाहीत. म्हणूनच जगातील अतिप्राचीन वनांत त्याची गणना होते. वाघ, हत्ती आणि काळा-पांढरा टॅपिर यांचे हे घर.

या अरण्यातला जुना राजमार्ग म्हणजे नदी. 'कुआला ताहान' येथे ताहान नदी तेंबेलिंगला मिळते. अशा संगमाला मलय भाषेत 'कुआला' म्हणतात. लांबट, अरुंद होड्यांतून लोक प्रवास करतात. उथळ पाण्यात त्या टेकत कशा नाहीत? सोयीसाठी होडीचा तळ सपाट, १० मीटर लांब व १ मीटर रुंद धरू. माणसांसह वस्तुमान ६०० किलोग्रॅम असेल, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तिने ०.६ घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. तळाचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर. म्हणजे होडी फक्त ६ सेंटिमीटर बुडेल!

आता होडीतून खाली पाहा. आपल्याकडील महाशीर माशाचा भाऊबंद 'केलाह' तेथे पोहताना दिसतो. मात्र तो दिसतो त्याहून खोल असतो. त्याच्याकडून येणारे प्रकाशकिरण पाण्यातून हवेत शिरताना स्तंभिकेपासून दूर वळतात. डोळ्याला किरण सरळच आले असे वाटते, त्यामुळे मासा वर उचललेला भासतो. सरळ वरून पाहिल्यास खरी खोली भागिले १.३३ म्हणजे भासमान खोली. १.३३ हा पाण्याचा वक्रीभवनांक.

हे गणित केवळ परीक्षेपुरते नाही. १.६ मीटर खोल स्वच्छ पाणी वरून १.२ मीटरच वाटते. दीड मीटर उंचीच्या मुलाला वाटेल, 'छातीएवढेच तर आहे!' प्रत्यक्षात ते त्याच्या डोक्यावरून जाईल. काठावरून तिरपे पाहिले, तर तळ आणखी वर भासतो. नदी मलेशियातली असो वा आपल्या गावची, हा नियम बदलत नाही. तेव्हा केवळ नजरेच्या भरवशावर अनोळखी पाण्यात कधीही उतरू नका.

करून पाहा : बादलीत २४ सेंटिमीटर पाणी भरून तळाशी नाणे टाका. दुसरे नाणे बादलीबाहेर धरून वरखाली करा आणि दोन्हींकडे वरून पाहा. डोके हलवले तरी नाणी एकमेकांपासून सरकेनाशी झाली, की थांबा. बाहेरचे नाणे पाण्याच्या पातळीखाली किती आहे ते मोजा. उत्तर १८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे. येते का?