दारातील पायपुसणे

सिल्वासा येथील एखाद्या बँकेत, दवाखान्यात किंवा कारखान्याच्या कचेरीत आपण जातो, तेव्हा आपले पहिले पाऊल दारातील पायपुसण्यावर पडते. त्यावर पाय देऊन सर्वजण पुढे जातात. त्याच्याकडे निरखून पाहतो तो बहुधा एकटा झाडणारा. अशा या उपेक्षित वस्तूची निगा कशी राखावी, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या कोकणी मुलखात अंगणातून ओटीवर चढण्यापूर्वी पाय धुण्याची चाल आहे. परंतु जेथे दिवसाकाठी शेकडो माणसे पादत्राणांसह ये-जा करतात, तेथे हे काम पायपुसण्यासच करावे लागते. जुन्या पद्धतीचे टिकाऊ पायपुसणे काथ्याचे असते. नारळाचे सोडण खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवून व नंतर ठोकून त्यातून काथ्या काढतात. त्यात लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य विपुल असल्याने तो ताठ व चिवट राहतो. केरळातील अलेप्पी येथे 1859 साली जेम्स डॅरा याने काथ्याच्या चटया विणण्याचा कारखाना काढला. पुढे 1953 च्या कायद्यान्वये या धंद्याच्या वाढीसाठी भारत सरकारने काथ्या मंडळ स्थापन केले. आज काथ्याच्या जोडीला रबरी पाठीची नायलॉनची आणि पन्हळी असलेली ॲल्युमिनियमची पायपुसणीही प्रचारात आहेत.

पायपुसण्यावाचून काय बिघडते? उत्तर भूगोलाच्या पुस्तकात सापडेल. वाळूत क्वार्ट्झ नावाचे खनिज असते. मोह्‌ज याच्या काठिण्यमापनात त्याचा अंक 7, तर संगमरवरातील कॅल्साइटचा अंक केवळ 3 आहे. म्हणजेच बुटाखाली चिकटून आलेला वाळूचा कण संगमरवरी फरशीवर लहानशा पटाशीसारखा ओरखडे काढतो. फरशीची झिलई जाते, आणि पडलेल्या ओरखड्यांत मळ बसल्याने ती पुसणाऱ्याचे श्रम दुणावतात.

आता थोडे गणित करू. समजा, एका कचेरीत रोज 400 माणसे येतात व प्रत्येकाच्या पायांबरोबर अर्धा ग्रॅम माती येते. दिवसाला 200 ग्रॅम, आणि कामाच्या 25 दिवसांत 5 किलोग्रॅम माती झाली! पायपुसणे ही माती नाहीशी करीत नाही. ते ती केवळ धरून ठेवते. त्याची धारणशक्ती संपली की तेच पायपुसणे पुढच्या माणसाच्या तळव्यास माती लावून आत पाठविते. मळलेले पायपुसणे अशा रीतीने रक्षकाचा भक्षक बनते.

म्हणून त्याची निगा नियमाने राखली पाहिजे. काथ्याचे पायपुसणे रोज उचलून बाहेर न्यावे, पालथे करून काठीने झोडपावे व त्याखालची जागा झाडून घ्यावी. ते पाण्यात भिजत ठेवू नये. ओला काथ्या दमट जागी पडून राहिल्यास त्यास बुरशी धरते. नायलॉनच्या पायपुसण्यावरून धूळ ओढणारे यंत्र उभे व आडवे असे दोन्ही दिशांनी फिरवावे. अधूनमधून सौम्य साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे. साबण राहिला तर त्यास पुन्हा मळ चिकटतो. पन्हळीचे पायपुसणे खळग्यात बसविलेले असते. ते गुंडाळून खळग्यातील रेती काढावी. कोणतेही पायपुसणे पुरते वाळल्यावाचून पुन्हा अंथरू नये.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आपल्या दमणगंगेच्या परिसरात या गोष्टीस विशेष महत्त्व येते. चिंब भिजलेले पायपुसणे पाणी टिपू शकत नाही. ते पाणी गुळगुळीत फरशीवर जाते आणि एखादी वृद्ध बाई किंवा ओझे घेतलेला हमाल घसरून हाड मोडून घेतो. यास्तव पायपुसण्याचे दोन संच असावेत. एक वाळत असता दुसरा दारात असावा. कड वर वळलेले किंवा जागेवरून सरकणारे पायपुसणे तर मुळीच ठेवू नये. त्यात पाय अडकून माणूस पडतो. त्याची लांबीही पुरेशी हवी. एक पाऊल सुमारे 75 सेंटिमीटरचे धरले, तर प्रत्येक पाय दोनदा टेकण्यास 3 मीटर लांबी लागेल. जागा अपुरी असेल, तर दाराबाहेर एक खरखरीत व आत एक पाणी टिपणारे, अशी दोन अंथरावीत.

हे सर्व काम जी माणसे करतात, ती आपल्याच गावांतून पहाटे निघून कामावर जातात. कित्येकांच्या घरची मुले आपल्या वर्गांत बसतात. संत गाडगे महाराजांनी (1876–1956) हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. झाडण्याचे काम हलके नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, तर करून दाखविले. त्या कामाचा मान राखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पायपुसण्यावरून उडी मारून न जाता, क्षणभर थांबून दोन्ही पाय नीट पुसणे.

सुटीच्या दिवशी आपल्या घरच्या दारातील पायपुसणे उचलून वर्तमानपत्रावर झटकून पाहावे आणि निघालेली माती तोलावी. किती दिवसांत किती माती साठली, हे वहीत टिपून वर्गात आणावे. आपापली टिपणे ताडून पाहिली, म्हणजे या लेखातील गणित खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडता येईल.