पाणी शिरलेली मोटारीची पेटी : दुरुस्ती की बदल?

अनगोळ, येळ्ळूर, वडगाव व शहापूर परिसरातील शेतजमिनींना बळ्ळारी नाल्याच्या पुराचा उपद्रव नवा नाही. ऑगस्ट 2019 च्या अतिवृष्टीत तर बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा प्रसंगी पिकाचा पंचनामा होतो. विहिरीकाठच्या पेटीतील स्टार्टरकडे मात्र पंप सुरू होईनासा झाला म्हणजेच लक्ष जाते. मग पेटी उन्हात वाळवून, फडक्याने पुसून पुन्हा जोडली जाते. ती चालू झाली म्हणजे सुस्थितीत आहे, असा समज होतो व तोच घातक ठरतो.

कोणता भाग दुरुस्त करावा व कोणता बदलावा, हे सर्वसाधारणपणे किमतीवरून ठरविले जाते. वस्तुतः ते त्या भागाच्या कामावरून ठरविणे इष्ट होय. पेटीतील काही भाग केवळ वीज वाहून नेतात, तर काही राखणदारी करतात. तांब्याची पट्टी, जोड, लोखंडी पेटी यांचा दोष डोळ्यांना दिसतो व दुरुस्तीनंतर तपासताही येतो. ओव्हरलोड रिले, एम.सी.बी. व सिंगल फेज प्रिव्हेंटर यांचे तसे नाही. त्यांच्या आत गाळ बसला तरी बाहेरून काही कळत नाही आणि ऐनवेळी ते पडतीलच याची शाश्वती राहात नाही. सबब, पाण्यात बुडालेले हे भाग बदलावेत. एम.सी.बी. उघडून साफ करण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये.

ही काटकसर किती महाग पडते ते पाहावे. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारे 7 ते 7.5 अँपिअर प्रवाह घेते. चालू असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. रिले निकामी असेल, अथवा ‘वारंवार पडतो’ म्हणून वगळला असेल, तर वाइंडिंग जळण्यास फार वेळ लागत नाही. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्यांचीही हीच गत होते.

कॉन्टॅक्टरच्या बाबतीत थोडा विवेक हवा. त्याची टोके चांदीमिश्रित धातूची असतात. ती नुसती काळवंडली म्हणून कानशीने घासू नयेत, कारण घासण्याने कामाचा धातूच निघून जातो. टोके झिजली असतील अथवा एकमेकांस चिकटली असतील, तर तिन्ही फेजांची जोडी एकदमच बदलावी. केवळ कॉइल जळली असल्यास त्याच व्होल्टेजची नवी कॉइल पुरते. परंतु बॅकेलाइटला तडा गेला असेल किंवा त्यावर जळक्या कोळशाची रेघ उमटली असेल, तर घासूनपुसून उपयोग नाही. त्या रेघेवरून वीज पुन्हा वाट काढते.

जळालेला जोड आढळल्यास भाग बदलण्यापूर्वी कारण शोधावे. बहुधा स्क्रू सैल असतो. तार लखलखीत तांबे दिसेपर्यंत कापून नवा लग बसवावा. नाहीतर नवा स्टार्टरही त्याच ठिकाणी जळेल.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व ते काम करणाऱ्याने आपल्याच खिशात ठेवावेत. कपॅसिटर असल्यास त्यातील साठा उतरवून घ्यावा. खांबावरील तारा व मीटर यांना हात न लावता हेस्कॉमच्या कार्यालयास कळवावे.

भिजलेली मोटार मात्र सहसा टाकून द्यावी लागत नाही. ती वाळवून 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग व बॉडी यांमधील रोध मोजावा. तो किमान 1 मेगोहम भरल्याखेरीज वीज जोडू नये. पुन्हा वाळवूनही भरत नसेल, तर मोटार रिवाइंडिंगसाठी द्यावी. अर्थिंगची तारही त्याच वेळी तपासून घ्यावी, कारण ओल्या बांधावर अनवाणी उभे राहून पेटीला हात लावणारा शेतकरी तिच्याच भरवशावर असतो.