दगडाची माती आणि मातीचा दगड

दख्खनच्या एखाद्या गावी नवी विहीर खणली जात असेल, तर वाचकांनी काठावर उभे राहून तिच्या भिंतीकडे अवश्य पाहावे, अशी आमची सूचना आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला खडक आणि तळाशी सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण, असे थर तेथे पुष्कळदा दिसतात. हे चार निरनिराळे पदार्थ होत, असा सामान्य समज आहे. वास्तविक पाहता एकच पदार्थ चार अवस्थांत आपणांपुढे उभा असतो.

हा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून वितळलेला खडक बाहेर वाहिला. एक लोट थिजला की त्यावर दुसरा येई. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. थिजताना आत कोंडलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत पाण्याबरोबर आलेले क्षार साचून गारगोट्या बनल्या. नांगरास लागणाऱ्या पांढऱ्या गारा बहुधा त्याच होत.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच पाषाणात कोरले गेले व अद्यापि उभे आहे, इतका तो टणक. तथापि पाण्यापुढे त्याचेही चालत नाही. दिवसाच्या उन्हाने व रात्रीच्या गारव्याने त्यास चिरा पडतात. चिरांत पाणी शिरते, मुळे शिरतात. पावसाच्या पाण्यात हवेतील किंचित आम्ल मिसळलेले असते. ते खडकातील द्रव्ये हळूहळू विरघळविते, लोखंडास गंज चढतो, आणि तांबूस मुरूम तयार होतो. मुरूम आणखी कुजला की माती होते. कोकणात पाऊस अतिशय, म्हणून तेथे बाकीची द्रव्ये धुऊन जाऊन लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहतात. त्यांचाच जांभा दगड बनतो.

मातीचा प्रवास येथे संपत नाही. गोदावरी व कृष्णा यांनी नेलेला गाळ अखेर बंगालच्या उपसागरात साचतो. थरांवर थर चढून, त्यांच्या भाराने दबून, अशा गाळाचा कालांतराने पुन्हा खडक होतो. तो भूगर्भात खोल गेल्यास तेथील उष्णतेने व दाबाने त्याचे रूप पालटते, आणि क्वचित तो वितळतोही.

हे चक्र सृष्टीचे आहे. शेतकऱ्यास मात्र इतका अवकाश नाही. इंचभर माती बनण्यास शेकडो वर्षे लागतात, आणि उतारावरील उघड्या रानातून ती थोड्याच पावसाळ्यांत निघून जाते. म्हणून बांध घालणे, उतारास आडवी नांगरट करणे व बांधावर गवत राखणे, ही कामे आळसाने पुढे ढकलण्याजोगी नव्हेत. पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे ओढ्यावर जावे व पाण्याचा रंग पाहावा. ते गढूळ असेल, तर कोणाचे तरी शेत समुद्राकडे चालले आहे, हे ओळखावे. ते आपलेच तर नव्हे ना, याचा शोध त्याच दिवशी घ्यावा.