कोष्टक वाचायला शिकव

रिसोड,
पाडव्यानंतरचा रविवार

चि. पिंकीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तासिका तत्त्वावर का होईना, कारंज्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चा शेवटच्या वर्षाचा वर्ग तुझ्याकडे आला हे ऐकून मामीने देवापुढे साखर ठेवली. इकडे सध्या जिकडेतिकडे हळद शिजवणं चालू आहे, हे लिहितानाही वास येतोय. म्हणून उदाहरणही हळदीचंच घेतो.

तू लिहितेस की मानोऱ्याकडून एसटीने येणारा एक मुलगा सिम्प्लेक्सची कोष्टकं न चुकता सोडवतो, पण ‘या आकड्याचा अर्थ काय’ म्हटलं की गप्प बसतो. त्याला आणखी गणितं देऊ का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. गणितं त्याने पुष्कळ सोडवली आहेत. आता एकच घे आणि त्यातला एकेक आकडा त्याच्याकडून मराठीत वाचून घे. जो आकडा वाचता येत नाही, त्याच्यापुढे जायचं नाही.

गणित असं. सहा एकर ओलिताचं वावर आहे आणि हाताशी २ लाख ४० हजार रुपये आहेत. सोयाबीनला एकरी २० हजार खर्च, खर्च जाऊन १५ हजार नफा. हळदीला एकरी ८० हजार खर्च, नफा ४५ हजार. किती एकर काय लावायचं? (हिशेब सोपा जावा म्हणून मी धरलेले आकडे आहेत हे, बाजारभाव म्हणून कोणाला सांगू नकोस.) सोयाबीन क्ष एकर आणि हळद य एकर धरली की जमिनीची अट क्ष + य ≤ ६. पैशाच्या अटीला २० हजारांनी भागलं की क्ष + ४य ≤ १२.

बारावीला या मुलांनी असली गणितं आलेखावर सोडवलेली असतात. तो आलेख आधी काढायला लाव आणि वहीच्या डाव्या पानावर तसाच राहू दे. कोपरे चार आहेत : काहीच न पेरणं, सहा एकर सोयाबीन, तीन एकर हळद, आणि चार एकर सोयाबीनसोबत दोन एकर हळद. नफा अनुक्रमे शून्य, ९०, १३५ आणि १५० हजार. उत्तर आधीच कळलं तर कळू दे, बिघडत काही नाही. उजव्या पानावर कोष्टकं मांडायची आणि प्रत्येक कोष्टकापाशी विचारायचं, ‘आपण आता कोणत्या कोपऱ्यात उभे आहोत?’ एक कोष्टक म्हणजे एक कोपरा, एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. दोन पिकं आहेत तोवर आलेख पुरतो. तूर, हरभरा, कपाशी आली की कागदावर काढता येत नाही. तिथे सिम्प्लेक्सची गरज लागते, आणि ती गरज पोरांना आधी जाणवली पाहिजे.

स्लॅकचे दोन रकाने आले की पोरं गोंधळतात. त्यांची नावं सरळ ‘पडीक जमीन’ आणि ‘न खर्चलेला पैसा’ अशी लिही. मग पहिलं कोष्टक आपोआप वाचता येतं : काही पेरलेलं नाही, सहाही एकर पडीक, सगळा पैसा खिशात, नफा शून्य.

आता हळदीचा रकाना आत घ्यायचा, कारण एकरी नफा तिचा जास्त. कोणती ओळ बाहेर जाणार? इथे पुस्तकं ‘सर्वांत लहान गुणोत्तर घ्या’ असा नियम देऊन पुढे सरकतात. तू तिथे थांब. जमीन म्हणते सहा एकर हळद लाव, पैसा म्हणतो तीनच एकर. आधी संपतो तो पैसा, म्हणून पैशाची ओळ पिव्होट. त्या मुलाला एकदा मुद्दाम जमिनीची ओळ निवडायला लाव. पुढच्या कोष्टकात ‘न खर्चलेला पैसा’ उणे बारा येईल, म्हणजे २ लाख ४० हजारांची तूट. नियम कशासाठी आहे, ते मग तुला सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या कोष्टकात तीन एकर हळद आहे, तीन एकर पडीक आहे आणि नफा १३५. तळच्या ओळीत सोयाबीनखाली १५/४, म्हणजे पावणेचार येतात. माझ्या मते सगळा धडा या एका आकड्यात आहे. सोयाबीनचा एकरी नफा १५ हजार, मग इथे पावणेचारच का? कारण खिसा रिकामा आहे. एक एकर सोयाबीनला लागणारे २० हजार हळदीतूनच काढावे लागतील, म्हणजे पाव एकर हळद मोडावी लागेल आणि तिचे सव्वाअकरा हजार जातील. पंधरातून सव्वाअकरा गेले, राहिले पावणेचार. तरी फायदाच आहे, म्हणून सोयाबीन आत घ्यायचं. किती? हळद बारा एकरांपर्यंत तग धरते, पडीक जमीन चार एकरांवरच संपते. चार एकर सोयाबीन गुणिले पावणेचार, म्हणजे १५ हजार. १३५ चे १५० झाले.

आणखी एक. काही पुस्तकं तळच्या ओळीत नफ्यातून किंमत वजा करतात, काही उलटं करतात, आणि मुलं दोन पुस्तकं उघडून चिन्हात अडकतात. तू पहिलीच रीत धर आणि वर्षभर सोडू नकोस, कारण तीच सरळ वाचता येते : ‘अजून एक एकर लावला तर किती वाढेल?’ अपूर्णांकही अपूर्णांकच ठेव, दशांशात गेलं की पाव एकर हळद ओळखू येत नाही.

शेवटच्या कोष्टकाशी पोरं पेन खाली ठेवतात. खरं काम तिथे सुरू होतं. पडीक जमिनीखाली ५ आणि न खर्चलेल्या पैशाखाली १० असे आकडे येतात (चिन्ह उणे, कारण जमीन पडीक ठेवली किंवा पैसा अडकवला तर तेवढं जातं). त्यांना शॅडो प्राइस म्हणतात. आणखी एक एकर मिळाला तर नफा ५ हजारांनी वाढेल. शेजारी आठ हजारांच्या मक्त्याने एकर देऊ करत असेल तर घेऊ नये. पैशाचा एक भाग आपण २० हजारांचा धरला होता, म्हणजे २० हजार जास्त मिळाले तर नफा १० हजारांनी वाढेल. पडताळा घ्यायला लाव : हळद एक तृतीयांश एकर वाढते, सोयाबीन तेवढंच घटतं, १५ हजार आले आणि ५ हजार गेले. आता एकूण मांड. सहा एकरांचे पाच-पाच हजार म्हणजे ३०, पैशाच्या बारा भागांचे दहा-दहा म्हणजे १२०, बेरीज १५०. सगळा नफा जमीन आणि पैसा यांच्यात वाटला जातो, एक रुपयाही बेवारस राहत नाही.

मग विचार त्याला, सावकार महिन्याला शेकडा पाचने पैसे देतो, घ्यावे का? हळद नऊ महिन्यांचं पीक, म्हणजे शंभराला ४५ व्याज. कोष्टक म्हणतं शंभराला ५० मिळतील, घ्या. पोरगा ‘घ्यावे’ म्हणेल. तेव्हा हळदीचा नफा ४५ वरून ३० हजारांवर आण. उत्तर बदलतच नाही, चार एकर सोयाबीन आणि दोन एकर हळद हेच सर्वांत चांगलं राहतं. सोयाबीनचे १५ हजार कायम असतील तर हळदीचा नफा १५ ते ६० हजारांच्या मध्ये कुठेही असो, कोपरा तोच. पण पैशाची किंमत शंभराला पन्नासवरून पंचवीसवर येते आणि सावकाराचे पंचेचाळीस तिथेच राहतात. पेरणीचा निर्णय बरोबर असूनही घर बुडतं ते असं. आपल्या भागातल्या पोरांना हे दाखवल्याशिवाय हा विषय शिकवला असं मी मानत नाही. कोष्टकाला पाऊस कळत नाही, भाव कळत नाही. आपण घातलेला आकडा ते खरा धरून चालतं.

बिग-एमची घाई करू नकोस. जनावरांच्या कडब्यासाठी ज्वारी निदान एक एकर हवीच, अशी अट घाल. मग ‘काहीच न पेरणं’ हा कोपरा बाद होतो, उभं राहायलाच जागा उरत नाही, आणि कृत्रिम चल कशाला लागतो ते कळतं. तो चल बाहेर काढायला माझा कौल बिग-एमपेक्षा दोन टप्प्यांच्या रीतीला आहे, त्या अवाढव्य एमच्या बेरजा-वजाबाक्यांत पोरं नाहक चुकतात.

इतिहास शेवटी सांग, आणि थोडाच. डँट्झिगने १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलात काम करताना सिम्प्लेक्सची रीत बसवली. तिची पहिली मोठी परीक्षा झाली ती स्वस्तात स्वस्त पोषक आहाराच्या गणितावर : नऊ अटी आणि ७७ पदार्थ. नऊ माणसं टेबलावरची गणकयंत्रं घेऊन बसली आणि सुमारे १२० मनुष्यदिवस खपले. वर्षाचा खर्च आला ३९.६९ डॉलर. स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने आधी अंदाजाने ३९.९३ काढलेच होते. हे ऐकून वर्ग हसतो, हसू दे. पुढे १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असं गणित रचून दाखवलं की सिम्प्लेक्स झाडून सगळ्या कोपऱ्यांतून फिरून येतं. नंतर नरेंद्र करमरकर हे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, पवईच्या आयआयटीत शिकलेला हा मुलगा. बेल लॅब्जमध्ये असताना १९८४ साली त्याने कोपऱ्या-कोपऱ्याने न जाता क्षेत्राच्या आतून वाट काढणारी रीत दिली, आणि मोठमोठ्या गणितांची पद्धतच पालटली. तरी सिम्प्लेक्स मोडीत निघालेलं नाही, आजही ते रोज वापरात आहे.

परीक्षेची काळजी करू नकोस. ज्याला कोष्टक वाचता येतं तो पेपरात कुठे चुकला हे स्वतःच पकडतो, कारण उणे एकर हळद त्याला खटकते.

त्या मुलाला पुढच्या आठवड्यात घरच्या वावराचे आकडे आणायला सांग : जमीन, पैसा आणि तिसरी अट मजुरीची. खताचा नि बियाण्याचा खर्च बापाला विचारायचा, पण मजुरीचा आकडा आईला. निंदणाला किती बाया किती दिवस लागल्या, हे घरात तिलाच पक्कं ठाऊक असतं.

तुझा,
मामा