दहा तासांत पाली

प्रश्न : नागपूरहून सकाळी अकराला मुंबईत उतरू, दुबईचं विमान रात्री नऊला आहे. मधल्या वेळात गर्दी नसलेला किनारा पाहता येईल का?

उत्तर : येईल. जुहू जवळ आहे, पण तिथे गर्दी चुकणार नाही. भाईंदर पश्चिमेला उत्तनपलीकडच्या पालीला जा. मात्र हिशोब परतीपासून मांडा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे सहाला विमानतळावर हवं. वाटेला दोन तास धरा. चारला पाली सोडायचीच. बाराला निघालात तर हाती दोनेक तास उरतात.

जाताना अंधेरीहून विरारकडची लोकल पकडा, भाईंदरला उतरा, पुढे रिक्षा किंवा पालिकेची बस. संध्याकाळी महामार्ग तुंबतो, म्हणून परतीलाही लोकलच बरी. सामान थेट दुबईला जाणार नसेल, तर ते विमानतळावरच ठेवा.

पाली ही ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती. पावसाळ्यानंतर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळताना दिसतील. फोटो काढण्याआधी विचारा. जून-जुलैत मासेमारी बंद असते. किनारा खडकाळ आहे, पोहू नका. जवळच्या चौक गावी धारावी किल्ल्याची जागा आहे. 1739च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. खाडीपलीकडे वसई आहे.

सुके बोंबील मात्र दुबईहून परतताना घ्या; केबिनमधले शेजारी दुवा देतील.