गाळलेलें पाणी आणि पायीं शेत

आमच्या मातोश्रींच्या डाव्या घोट्याजवळ एक खोलगट वण होता. लहानपणीं आम्ही तो विंचवाचा समजत होतों. पुढें त्यांनींच सांगितलें कीं, तो नारूचा. त्या वर्षीं त्या महिनाभर अंथरुणास खिळून होत्या आणि त्यांच्या वाट्याचें शेतकाम शेजारणींनीं उरकलें. आजच्या तरुण शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांस नारू हा शब्दही ठाऊक नसेल, व तो ठाऊक नसावा हीच मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु तो रोग कसा गेला हें मात्र प्रत्येकास ठाऊक असलें पाहिजे.

नारू हा दोऱ्यासारखा कृमि. त्याची मादी सुमारें एक मीटरपर्यंत लांब वाढते. ज्याच्या पोटांत तो जाई त्यास वर्षभर कांहींच कळत नसे. मग बहुधा पायावर फोड येई, विलक्षण आग होई, व ती शमविण्यासाठीं रोगी पाय पाण्यांत बुडवी. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरूनच घागर भरीत. तेथें फोड फुटून कृमीचीं असंख्य पिलें पाण्यांत पडत. डोळ्यांस जेमतेम दिसणारे बारीक जलजीव तीं गिळीत, आणि तें पाणी जो न गाळतां पिई त्याच्या घरीं पुढील वर्षीं अंथरूण पडे. कृमि बाहेर काढावयाचा तर काडीस गुंडाळून रोज दोन-चार बोटें ओढावयाचा. मध्येंच तुटला तर जखम चिघळून पाय सुजे.

या रोगावर औषध नव्हतें, आजही नाहीं, लसही नाहीं. तरी तो आपल्या देशांतून गेला. सन १९८३-८४ मध्यें त्याच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणित केलें. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांस कठडे बांधून रहाट बसविले गेले, हातपंप आले, पाण्यांतील जलजीव मारण्याचें औषध टाकलें गेलें. पण घराघरांत जें घडलें तें इतकेंच कीं, बायकांनीं हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकें बांधलें आणि तें बांधण्याचें एक दिवसही चुकविलें नाहीं. एका संवयीनें एक रोग देशोधडीस लागला, याहून मोठा दाखला आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

मात्र येथेंच एक फसगत होते. फडक्यानें जलजीव अडतात. हगवण, पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतु त्याहून कितीतरी सूक्ष्म असल्यामुळें सहज पार होतात. "आम्ही पाणी गाळून पितों" असें म्हणून निश्चिंत राहणारीं घरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण आमची निश्चिंती तर याहून महाग होती. आमच्या घरीं नळ आहे, आणि स्वयंपाकघरांत शुद्धीकरणाचें यंत्रही लाविलें आहे. दोन वर्षांमागें आषाढांत आमच्या तीन वर्षांच्या नातीस जुलाब लागले व तिला दोन दिवस दवाखान्यांत सलाईनवर ठेवावें लागलें. पाणी कोणतें पितां, असें डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां आम्हीं ऐटीनें यंत्राचें नांव सांगितलें. घरीं येऊन पाहतों तों यंत्राचें पाणी ज्या माठांत साठवीत होतों त्यावर झांकण नाहीं, आणि जो तो तांब्यासकट बोटें बुडवून पाणी घेतो. शेतांतून आलेले आम्हीही त्यांतच. यंत्र भिंतीवर होतें, घाण आमच्या नखांत होती. त्या दिवसापासून माठावर झांकण व शेजारीं लांब दांड्याचें ओगराळें आहे, आणि पाणी घेण्यापूर्वीं हात साबणानें धुतले जातात. जुलाब लागल्यास दवाखान्यांत नेईपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजीत राहावें, हेंही घरांतील प्रत्येकास पाठ असावें.

ज्यांची पिण्याची विहीर स्वतःची आहे त्यांनीं पुढील हिशेब वहींत उतरून ठेवावा. विहिरीचा व्यास मीटरमध्यें मोजून त्यास त्याच आंकड्यानें गुणावें, मग पाण्याच्या खोलीनें गुणावें. येईल त्यास ३.१४ नें गुणून ४ नें भागावें. उत्तर घनमीटरांत येतें, व एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असेल तर २८ घनमीटर, म्हणजे सुमारें २८,००० लिटर पाणी झालें. चांगल्या प्रतीची टी. सी. एल. पावडर दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम या मानानें येथें ७० ग्रॅम लागेल. पावडर सरळ विहिरींत फेंकूं नये. ती बादलींत कालवून पांच-दहा मिनिटें निवळूं द्यावी, वरची निवळी दुसऱ्या बादलींत घेऊन ती बादली दोरानें पाण्याखालीं सोडावी व वरखालीं हलवावी. तळाचा चुना बाहेर टाकावा, नाहींतर पाणी जड होतें. हें काम रात्रीं शेवटचा पोहरा निघाल्यावर केल्यास सकाळपर्यंत औषधास पुरेसा वेळ मिळतो. निदान एक तास तरी पाणी काढूं नये. तासाभरानंतर लिटरमागें अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो तपासण्याचा संच मिळतो, व औषध पुन्हां केव्हां घालावें हें त्यावरूनच ठरवावें. पाणी गढूळ असेल किंवा पावडर उघडी राहून जुनी झाली असेल तर मात्रा अधिक लागते. औषध नसेल त्या दिवशीं पाणी खळखळून उकळावें.

उकिरडा, गोठ्याचा निचरा व शौचालयाचा खड्डा हीं विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या बाजूस असावीं. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यासच विशेष लागू आहे. पिकास न लागलेला युरिया पाण्याबरोबर खालीं उतरतो व विहिरींत नायट्रेटच्या रूपानें येतो. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें असें भारतीय मानक आहे. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या बालकास असलें पाणी दुधांत मिसळून पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटून अंग निळसर पडूं शकतें. नायट्रेट क्लोरीननें जात नाहीं. उकळल्यानें तर पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतेंच. तेव्हां वर्षांतून एकदां पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेंत द्यावा. मातीचा नमुना देणारे पुष्कळ भेटतात, पाण्याचा देणारा क्वचित्.

आतां व्यायामाविषयीं. "शेतकऱ्यास व्यायाम सांगणें म्हणजे माशास पोहणें शिकविणें," असें आमचे एक स्नेही म्हणतात. बैलाच्या नांगराचे दिवस असते तर आम्हीही हेंच म्हटलें असतें. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचे ४३,५६० झाले. आठ इंच रुंदीचें तास धरल्यास एक एकर एकदां नांगरावयास ६५,३४० फूट, म्हणजे सुमारें वीस किलोमीटर नांगरामागें चालावें लागे. आज तें एकर ट्रॅक्टर नांगरतो आणि मालक बांधावर दुचाकीवर बसून पाहतो. जेवण मात्र नांगरामागें चालणाऱ्याचेंच राहिलें आहे. आमची हयात कचेरींत खुर्चीवर गेली, म्हणून साखरेचा व रक्तदाबाचा आजार आम्हीं आमच्याच वर्गाचा समजत होतों. आतां गांवोगांवचे बागाईतदार त्याच गोळ्या घेतांना दिसतात.

मोठ्या मनुष्यानें आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें झपाझप चालावें किंवा तितके श्रम करावे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालतांना दम किंचित् लागावा, पण बोलतां यावें. घरांतील बायका व मजूर यांस श्रमांची उणीव नाहीं. त्यांस विश्रांति व पोटभर अन्न हवें. हा उपदेश मालकास आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तो स्वतः नित्य घालून. परंतु ज्यांस गुडघ्याची किंवा हृदयाची तक्रार आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारूनच नमस्कार घालावे. आमचें मत विचाराल तर नवा वेळ काढून केलेला व्यायाम चार दिवस टिकतो. जें काम रोज करावेंच लागतें त्यास बांधलेला व्यायाम टिकतो. शेतावर जाणें हें तसें काम आहे. सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करावयाची झाली, तेव्हांपासून मालकास निदान त्या दिवशीं तरी बांधावर उभें राहावें लागतें, ही त्या योजनेची न छापलेली उपयुक्तता होय!

आमचें शेत घरापासून पावणेदोन किलोमीटर आहे. दुचाकी आम्ही ओझें असेल त्याच दिवशीं काढतों. एरवीं पायीं जातों, पायीं येतों. पहिला पंधरवडा पिंढऱ्या दुखल्या, मग थांबल्या. जातांना घरचें पाणी खांद्यावरील पिशवींत असतें, कारण पाटाचें किंवा ठिबकच्या नळीचें पाणी ओंजळीनें पिण्याची खोड आम्हांसही होती. मजुरांसाठींही पाणी घरूनच न्यावें, व तें कशांतून नेतों हें डोळ्यांनीं पाहावें. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यांत पाणी नेलेलें आम्हीं एकाहून अधिक शेतांत पाहिलें आहे. तो डबा कितीही धुतला तरी पाण्याचा होत नाहीं. फवारणी संपतांच तीनदां विसळून तें पाणी फवाऱ्याच्या टाकींतच ओतावें, आणि डब्यास खिळ्यानें भोकें पाडून ठेवावीं, म्हणजे कोणी तो उचलणार नाहीं.